काढून घेतलेलं प्रकरण

बाईंना ‘मॅडम’ म्हटलेलं खपत नसे. कुणी म्हटलंच, तर त्या मागे वळून बघायच्या आणि विचारायच्या, “कुठे आहेत? मला तर दिसत नाहीत.” त्यामुळे कॉलेजात त्या सगळ्यांच्याच बाई होत्या. कॉमर्सची पोरं मात्र त्यांना ‘गेमवाली’ म्हणत. ते त्यांना ठाऊक होतं. मॅडमपेक्षा बरंच आहे की, असं त्यांचं म्हणणं.

अंधेरीच्या एका कॉलेजात त्या समाजशास्त्र शिकवत. राहायला मुलुंडला, एकट्याच. मी त्यांच्याकडे पीएच.डी.साठी गेले तेव्हा त्या पंचावन्नच्या पुढे असतील. आधीची वीसेक वर्षं त्यांनी फेरीवाले, घरकामाच्या बायका, रस्त्यावरचे बाजार यांच्यावर काम केलं होतं, सगळं पायी फिरून. मग गुडघे बोलायला लागले. त्याच सुमारास त्यांच्या भाचीनं सुट्टीत येऊन त्यांच्या कॉम्प्युटरवर एक खेळ उतरवून ठेवला. त्या खेळात जिंकायचं-हरायचं काहीच नव्हतं. मोकळी जमीन मिळायची. तिच्यावर घर बांधायचं, झाडं लावायची, शेजाऱ्यांशी टाइप करून गप्पा मारायच्या. जगभरची माणसं तिथे राहायची. एका कोपऱ्यात मराठी माणसांची वस्ती झाली होती. पन्नास-साठ घरं, मधोमध एक पार, शेजारी विहीर. वस्तीचं नाव ‘आळी’. सुट्टी संपली, भाची गेली, बाई आळीतच राहिल्या.

“गुडघ्यांनी मला विषय बदलून दिला,” असं त्या सांगायच्या.

बाईंसाठी आळीत जाणं म्हणजे कुणाच्या घरी जाणं. दुपारी चारला त्या कॉम्प्युटर लावायच्या, पण त्याआधी तोंड धुवायच्या, केस विंचरायच्या, गाऊन बदलून साडी नेसायच्या. मी एकदा हसले. “अहो बाई, तिथे कोण बघतंय?”

“तू कुणाकडे गाऊनवर जातेस का?”

“पण त्यांना दिसत नाही ना.”

“मला दिसतं,” त्या म्हणाल्या आणि पदर खोचून खुर्चीत बसल्या.

तिथे आपलं रूप आपणच निवडायचं असतं. लोक तरणीताठी, उंच, पिळदार रूपं घ्यायचे. बाईंनी पांढऱ्या केसांची, चष्म्याची, खांद्याला कापडी पिशवी लावलेली बाई बनवायला तीन दिवस घालवले. डोक्यावर नावाच्या जागी पाटी लावली: ‘मी संशोधन करते. माझ्याशी बोललात तर लिहून ठेवीन. नको असेल तर तसं सांगा.’ साहजिकच पहिले काही महिने त्यांच्याशी कुणी चकार शब्द बोललं नाही. त्या रोज चारला जाऊन पाराजवळ उभ्या राहायच्या आणि सहाला परत यायच्या. एकदा कुणीतरी विचारलं, “आजी, रस्ता चुकलात का?” तो दिवस बाईंनी वहीत लाल शाईनं लिहून ठेवलाय.

‘आभासी’ हा शब्द त्यांच्यासमोर काढायचा नाही. ‘खऱ्या आयुष्यात’ हेही नाही. म्हणायचं ते ‘इथे’ आणि ‘तिथे’. “त्या पोराला तिथे कुणी टाकून बोललं आणि तो इथे जेवला नाही. आता सांग, आभासी काय आहे? त्याची भूक?” असं विचारून त्या आपल्याकडे बघत राहायच्या. उत्तर येईपर्यंत नजर हलवायच्या नाहीत. भल्याभल्या प्राध्यापकांना मी त्या नजरेसमोर चहाच्या कपात बघताना पाहिलंय.

लोकांची नावं त्या वहीत कधीच लिहीत नसत. प्रत्येकाला एका भाजीचं नाव. त्यामुळे मुलुंडच्या बाजारात भाजी घेता घेता त्या मला म्हणायच्या, “हल्ली आपला दोडका फार एकटा पडलाय गं.” भाजीवाला आपल्या टोपलीकडे बघायचा.

मी त्यांच्याकडे नवी असताना फार हुशारीनं सात पानांची प्रश्नावली करून नेली होती. आळीतल्या लोकांचं वय, शिक्षण, रोजचे तास, एकटेपणा वगैरे. बाईंनी ती वाचली, पेन काढलं आणि मलाच समोर बसवून एकेक प्रश्न विचारायला लागल्या. मी उत्तरं देत गेले. पाचव्या पानावर त्या थांबल्या. “तुम्हाला एकटं वाटतं का?”

घाटकोपरला दोन खोल्यांत आम्ही सहाजण राहायचो. मी म्हणाले, “नाही.”

“लिहू? ‘नाही’ असं लिहू?”

मी त्यांच्या पेनाकडे बघत राहिले. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. “बघ. तू खोटं सांगितलंस आणि मी ते छापलं असतं. महिनाभर आळीत जा. काही लिहू नकोस.”

माझा पहिला लेख त्यांनी वर्षभर अडवून ठेवला. मी रडले, घरच्यांनी गाईड बदल म्हणून सांगितलं, बरोबरच्या मुली पुढे निघून गेल्या. बाईंचं एकच टुमणं. लेखात माणसं घाईघाईत येतायत, कुणी कुणाला बस म्हणत नाही. त्या वेळी मला त्यांचा राग यायचा. खरं सांगायचं तर अजूनही थोडा येतो.

त्या कशाच्या मागे होत्या, ते साध्या शब्दांत सांगायचे. जिथे नाव खोटं, चेहरा खोटा, कुणी पकडणारं नाही, तिथे माणसं वाईट वागतात यात नवल नाही. पण तिथेही काही माणसं चांगली वागतात, ती का? या प्रश्नाचं उत्तर आळीत ज्यांच्याकडे होतं, ते होते काका.

काका म्हणजे पांढऱ्या मिशांचा, धोतरातला म्हातारा. कुणाचं कुंपण कुणाच्या जागेत गेलं, कुणी कुणाचं झाड तोडलं, कुणी एखाद्या मुलीला घाणेरडं लिहिलं, की लोक पारावर काकांकडे जायचे. काका फार थोडं लिहायचे, तेही बऱ्याच वेळानं. पण त्यांचा निवाडा मोडलेला मी कधी पाहिला नाही. खेळ चालवणाऱ्या कंपनीनं त्यांना कसलाही अधिकार दिलेला नव्हता. लोकांनीच दिला होता.

बाई पाराशी उभ्या राहायला लागल्यावर पाचेक महिन्यांनी काका आपणहून बाईंपाशी आले. “रोज येता, काही विचारत नाही. काय हवं तुम्हाला?” त्यानंतर दोघांचं बोलणं सुरू झालं. वर्षभरानं काकांनी लिहिलं, “भेटायचं तर मढला या.”

बाई मला घेऊन निघाल्या. वर्सोव्याहून बोटीनं पलीकडे गेलो. बरोबर पेढ्यांचा पुडा. निवृत्त मास्तर असतील, असा बाईंचा अंदाज. मी म्हटलं, पोस्टमास्तर. सांगितलेल्या घराच्या दारात एक कोळीण बसलेली, पन्नाशीची, पुढ्यात मासळीची रिकामी टोपली. बाईंनी विचारलं, “काका इथेच राहतात का?”

ती आम्हाला नीट न्याहाळून म्हणाली, “मीच.”

तो खेळ मुळात तिच्या मुलीचा. मुलगी लग्न होऊन डहाणूकडे गेली, तेव्हा आईच्या फोनवर लावून गेली. गंमत म्हणून म्हाताऱ्याचं रूपही तिनंच निवडलं होतं. मावशींनी (आम्ही त्यांना मावशीच म्हणायला लागलो) तेच ठेवलं. लोक काका म्हणायला लागले, आणि मग खरं सांगायची वेळ निघून गेली. बाईंनी विचारलं, “पण तुम्हाला तिथे काय आवडतं?” मावशी म्हणाल्या, “बाजारात दिसभर वरडायला लागतं. नाय वरडली तर गिऱ्हाईक दुसरीकडं. तिथं मी हळू बोलली तरी मान्सं ऐकतान.” बोटानं एकेक अक्षर शोधून टाइप करायच्या, म्हणून त्यांची उत्तरं उशिरा यायची. आळीला वाटायचं, काका विचार करतायत.

तिथेच बाईंनी शब्द दिला. मावशींवर आळीबद्दलच्या पुस्तकात एक प्रकरण येईल, पण त्यात काका म्हणायचं नाही, मढ म्हणायचं नाही, मासळी म्हणायची नाही. मावशी बाईंना पहिल्या दिवसापासून ‘तू’ म्हणत, बाई त्यांना ‘तुम्ही’. त्या प्रकरणावर बाईंनी दोन वर्षं काम केलं. त्यांनी आजवर लिहिलेल्यातलं ते सगळ्यात चांगलं होतं. ते मी वाचलंय. वाचलेले आम्ही मोजकेच.

आणि मग मी माती खाल्ली.

आमच्याच कॉलेजात एक परिसंवाद होता. मला वीस मिनिटं मिळाली होती. साठ-सत्तर लोक, त्यातले निम्मे फोनमध्ये. मी काकांचं नाव न घेता आळीतल्या निवाड्यांबद्दल बोलले. कुणाला त्यात रस नव्हता. शेवटी मागच्या रांगेतून एकजण म्हणाला, “पण ही माणसं खरी कशावरून?” लोक वर बघायला लागले. पहिल्यांदाच सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, “खरी? अहो, आमच्या आळीत सगळे ज्यांच्या पाया पडतात ते काका, मढला जाऊन बघा, तुम्हाला पापलेट विकतील. आणि भावात घासाघीस केलीत तर शिव्याही देतील, कारण काका मुळात काकाच नाहीत.”

सभागृह हसलं. टाळ्या पडल्या. मला फार बरं वाटलं, हे मी लपवणार नाही. मग माझी नजर पहिल्या रांगेत गेली. बाई हसत नव्हत्या. त्यांनी चष्मा काढला होता आणि पदरानं पुसत होत्या.

बाहेर आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, “चल. वर्सोव्याला जायचंय.”

“बाई, पण नाव कुठे घेतलं मी? कुणाला कळणारही नाही.”

“तुला कळलंय. मला कळलंय. कुणी दुसऱ्यानं त्यांना सांगण्याआधी आपण सांगायचं.”

मावशी दारात कोलंबी सोलत होत्या. आम्हाला बघून पाट सरकवला. बाई बसल्या नाहीत. “आधी ऐका, मग बसायला सांगायचं की नाही ते ठरवा,” त्या म्हणाल्या. “काका म्हणजे मढची मासळी विकणारी बाई, एवढं आज आमच्या सभेत बोललं गेलं. तुमचं नाव गेलं नाही. पण शोधायचं ठरवलं तर तेवढं पुरेल. मी शब्द दिला होता. तो मोडला.”

मी मागे उभी होते. “बाई, मी...” एवढं म्हणाले, तर त्यांनी हात मागे करून मला गप्प केलं.

मावशींचे हात थांबले. “कवरी मान्सं होती?”

“साठ-सत्तर.”

“हसली?”

बाईंना कुणी काही विचारलं आणि त्यांनी उत्तर दिलं नाही, असं मी त्या दिवशी पाहिलं. पुन्हा कधी पाहिलं नाही. शेवटी मीच म्हणाले, “हो. हसली.”

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. “तू बोललीस काय?”

“हो.”

“मंग सांग, कशाला हसली? मासळीला, का बाईला?”

मावशींनी पुन्हा कोलंबी हातात घेतली. “बसा. पानी पिऊन जा. पन आज मना आता कोन काय बोलू नका.”

आम्ही पाणी प्यायलो आणि निघालो. बोटीत मी रडत होते. म्हणाले, “मी सोडते हे सगळं.”

“सोडून कुठे जाशील? चूक इथे झालीय, ती इथेच राहणार.” मग बोट धक्क्याला लागताना, “दर शनिवारी इकडे यायचं. वही आणायची नाही, काही विचारायचं नाही. पडेल ते काम करायचं.”

“किती शनिवार?”

“त्या सांगतील तितके.”

आमच्या घरात अंडंही येत नाही. पहिल्या शनिवारी मावशींनी पुढ्यात कोलंबीचं घमेलं ठेवलं, एकदा सोलून दाखवली आणि उठून गेल्या. मी दोनदा ओकारी आवरली. घरी गेल्यावर आईनं दारातूनच थेट मोरीत पिटाळलं. पण मी जात राहिले. मावशी बोलायच्या नाहीत, पण चहा द्यायच्या.

परिसंवादानंतर तिसऱ्या दिवशी माझ्या बोलण्याची क्लिप फिरली. कुणीतरी फोनवर घेतली होती. आळीत पोचायला तिला एक दिवस लागला. मग जे झालं ते बघवत नव्हतं. “आम्हाला फसवलं,” असं काहींनी लिहिलं. एकानं लिहिलं, “मी माझ्या बायकोबद्दल त्यांच्याजवळ मन मोकळं केलं होतं.” काहीजण घरं पाडून निघून गेले. काका येईनात. तेव्हा लोक बाईंकडे वळले. “तुम्हाला माहीत होतं ना?”

बाईंनी लिहिलं, “कुणाबद्दल मला काय माहीत आहे, ते मी कुणालाच सांगत नाही. तुझ्याबद्दलचंही नाही.”

त्या उत्तरानं लोक आणखी चिडले. तिथे कुणालाही कुठेही भिंत बांधता येते. बाई जिथे उभ्या राहायच्या, त्या जागेभोवती त्यांनी चारी बाजूंनी उंच भिंती बांधून टाकल्या. मी म्हटलं, आळीत दुसरीकडून शिरता येईल, तशी सोय आहे. बाईंनी ऐकलं नाही. त्या रोज चारला तोंड धुऊन, साडी नेसून त्या चार भिंतींच्या आत जाऊन उभ्या राहायच्या आणि सहाला परत यायच्या. समोर विटांशिवाय काही नाही. “त्यांना राग आलाय,” त्या म्हणायच्या. “राग आलेल्या माणसाच्या समोरून निघून जायचं नसतं.” मला तो तेव्हा शुद्ध हट्ट वाटला. आता तसं वाटत नाही.

त्याच महिन्यात त्यांनी ते प्रकरण काढून घेतलं. पुस्तक छपाईला जायच्या बेतात होतं. पुस्तकामागच्या प्रकल्पाच्या समितीत मीही कागद धरायला बसले होते. अध्यक्ष समजुतीनं म्हणाले, “बाई, यात ना नाव, ना गाव. मग काढायचं कशाला?”

“ते लिहिलं होतं तेव्हा त्यांना कुणी ओळखत नव्हतं. आता हे वाचणारा प्रत्येकजण त्यांना ओळखेल.”

“तुमच्या पुस्तकाचा जीव आहे तो.”

“जीव त्यांचा आहे,” बाई म्हणाल्या.

त्या प्रकरणाच्या जोरावर त्यांना परदेशातल्या एका विद्यापीठात वर्षभर बोलावणार होते. ते राहिलं. पुस्तक बारीक झालं. चौथ्या प्रकरणाच्या जागी एकाच पानावर एकच ओळ छापली आहे: ‘हे प्रकरण लिहिलं होतं. काढून घेतलं आहे. चूक माझी.’ एका परीक्षणकर्त्यानं त्या पानाची टर उडवली. मी बाईंना ते दाखवलं, तर त्यांनी त्यातलं शुद्धलेखन तपासलं.

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी मी मढला होते. मावशी अचानक म्हणाल्या, “आलीत काय चाललंय?”

एवढ्या शनिवारांत त्यांनी आळीबद्दल पहिल्यांदाच विचारलं. मी सांगितलं, “भांडणं. पाराजवळची विहीर कुणीतरी बुजवलीय. दोन तट पडलेत, कुणी कुणाशी बोलत नाही.”

“विहीर बुजवली?” त्या एखाद्या खऱ्या विहिरीसारख्याच दचकल्या. घमेलं बाजूला सारलं, हात दोनदा साबणानं धुतले, पदराला पुसले आणि फोन घेतला. मी घाईघाईनं बाईंना फोन लावला. सव्वाचार झाले होते. “बाई, त्या आत जातायत.”

“मला भिंतीमुळे काही दिसत नाही, पण बोललेलं वाचता येतं. तू त्यांच्या फोनमध्ये डोकावू नकोस. सोलत बस.”

पण मावशींनीच फोन माझ्यासमोर धरला. पडद्यावर धोतरातले काका पारावर येऊन उभे होते. हळूहळू माणसं जमली. मग एकानं लिहिलं, “तुम्ही बाई आहात आणि मासळी विकता, हे खरं का?”

मावशींचं बोट अक्षरं शोधत फिरत होतं. त्यांनी लिहिलं, “होय.” पाठवलं. आणि पुन्हा एकेक अक्षर शोधत, “विहीर कोणी बुजवली ते आधी सांगा.”

मग एक ओळ आली.

“काका, मी बुजवली.”

मावशींनी नाकानं जोरात श्वास सोडला आणि पुढचं टाइप करायला घेतलं. माझ्या कानाशी फोन चालूच होता. पलीकडून बाईंनी नाक ओढल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, “त्यांना सांग, आजचं मी काही लिहून घेतलेलं नाही.”

मी सांगितलं. मावशी फोनच्या दिशेनं ओरडल्या, अगदी बाजारातल्या आवाजात, “लिव आता, बाई! आता काय लपवायचं ऱ्हायलंय?”

बाईंच्या भोवतीच्या भिंती पुढच्या आठवड्यात कुणीतरी पाडल्या. कुणी ते कळलं नाही, आणि बाईंनी विचारलं नाही. मावशी अजून मासळी विकतात आणि आळीत अजून त्यांना काकाच म्हणतात. बाई निवृत्त झाल्या. चार वाजता साडी नेसायचं काही सुटलेलं नाही.

मी आता स्वतः शिकवते. मागच्या वर्षी मुलुंडला गेले होते तेव्हा बाईंना म्हटलं, “मावशींनी तर कधीच परवानगी दिलीय. तुम्ही ते प्रकरण पुन्हा का लिहीत नाही? पुस्तकाची नवी आवृत्ती येतेय ना?”

बाई शेंगा निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “मी काय लिहिणार? मी तर नुसती उभी होते.”

“मग ते तसंच राहायचं?”

त्यांनी निवडलेल्या शेंगा माझ्यापुढे सरकवल्या आणि माझ्याकडे बघितलं, उत्तर येईपर्यंत हलत नाही त्या नजरेनं.

“चूक तुझी होती ना?” त्या म्हणाल्या. “मग लिहायचंही तूच.”